किती तास झाले? अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय प्रवेशासाठी अनुभवाची वही

पुण्याला फोन केला की माझी मोठी जाऊ हमखास विचारते, "काय गं, लेक अजून कुत्री फिरवायला जाते आणि त्याचे तास लिहून ठेवते का?" तिचंही बरोबर आहे. आपल्याकडे गुराढोरांचा डॉक्टर व्हायचं तर बारावी, नीट, आणि मग परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, जिथे नंबर लागेल तिथे साडेपाच वर्षांचं बीव्हीएस्सी. गोठ्यात कधी पाऊल टाकलं होतंस का, असं प्रवेशाच्या वेळी कुणी विचारत नाही. अमेरिकेत आधी कॉलेजची पदवी, निदान तिच्यातले ठरलेले विषय, आणि मग चार वर्षांचं डीव्हीएम, म्हणजे तिथली पशुवैद्यकाची पदवी. त्या दुसऱ्या दारावर गुणांच्या जोडीने विचारतात: आजवर जनावरांबरोबर किती तास घालवलेस, कुणाच्या हाताखाली, आणि काय केलंस?

आमच्या लेकीने अर्ज भरायला घेतला तेव्हा तिच्याकडे अनुभव रग्गड होता, नोंद मात्र नव्हती. पहिल्या दोन वर्षांचे तास आम्ही जुन्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपांतून उकरून काढले ("आई, उशीर होईल, मांजरीचं सीझर आहे"). बाकीचे बँकेत जमा झालेल्या पगारातून आणि फोनमधल्या फोटोंच्या तारखांवरून. चार शनिवार-रविवार त्यात गेले. पहिल्या वर्षी ती ज्या दवाखान्यात जायची तो मधल्या काळात एका मोठ्या कंपनीने विकत घेतला होता, जुने डॉक्टर निवृत्त होऊन दुसऱ्या राज्यात गेले होते, आणि नव्या मॅनेजरबाईंना आमची मुलगी कोण हेही ठाऊक नव्हतं. जेवढं पुराव्यानिशी सांगता येईल तेवढंच लिहिलं. बाकीचे तास पाण्यात. मी नोकरीत दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासते, आणि घरातल्या हिशेबाची ही तऱ्हा.

म्हणून हा लेख. अमेरिकेत वाढणारी आणि या वाटेने जाऊ पाहणारी मराठी मुलं, त्यांचे आईबाप, आणि बारावीनंतर पदवीसाठी इकडे आलेले विद्यार्थी, यांच्यासाठी. भारतात बीव्हीएस्सी पूर्ण करून इथे परवाना मिळवू पाहणाऱ्यांची वाट वेगळी, ईसीएफव्हीजी (परदेशात शिकलेल्या पशुवैद्यांना पात्र ठरवणारा कार्यक्रम) वगैरे परीक्षांची. त्यांना हे तास मोजायचं कारण नाही.

अर्ज जातो कुठे

बहुतेक कॉलेजांसाठी एकच सामाईक अर्ज असतो: व्हीएमकॅस. तो अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेटरनरी मेडिकल कॉलेजेस ही संस्था चालवते. जानेवारीत खुला होतो आणि सप्टेंबरच्या मध्याला बंद. त्यानंतरच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होतात, म्हणजे मूल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातून बाहेर पडतं त्या उन्हाळ्यात तास तयार लागतात. टेक्सास ए अँड एमचा अर्ज टीएमडीएसएएस या टेक्सासच्या वेगळ्या व्यवस्थेतून जातो आणि तिथल्या रकान्यांची मांडणीही निराळी आहे. आमच्या न्यू जर्सीत तर परवापर्यंत पशुवैद्यकीय कॉलेजच नव्हतं. रोवन विद्यापीठाची पहिली तुकडी २०२५ मध्ये बसली. त्याआधी इथल्या मुलांना परराज्यातच जावं लागायचं.

किती तास लागतात, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर सगळ्यात कमी उपयोगाचं आहे. युसी डेव्हिस किमान १८० तास पशुवैद्यकीय अनुभव मागतं. काही कॉलेजांचा आकडा याहून मोठा, काहींचा ठरलेला आकडाच नाही. हे आकडे बदलतात, त्यामुळे ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षी प्रत्येक कॉलेजच्या पानावर जाऊन पाहावं आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह उतरवून ठेवावं. किमान आकडा म्हणजे गाडीत चढायचं तिकीट, बसायला जागा मिळेल याची हमी त्यात नसते.

आधी खाती वेगळी करा

हिशेबात खरा घोळ होतो तो इथेच. व्हीएमकॅसमध्ये अनुभवाची वेगवेगळी खाती आहेत: पशुवैद्यकीय, प्राणी, संशोधन, आणि शिवाय नोकरी, स्वयंसेवा, इतर उपक्रम. एक तास एकाच खात्यात जातो. दोन ठिकाणी लिहिलात तर तो दुहेरी नोंदीचा गुन्हा, आमच्या धंद्यातही आणि त्यांच्याही.

पहिली दोन खाती ओळखायची खूण सोपी आहे. पशुवैद्य तिथे होता का आणि तुम्ही त्याच्या देखरेखीखाली होतात का? हो असेल तर पशुवैद्यकीय. नसेल, पण जनावराशी प्रत्यक्ष संबंध होता, तर प्राणी. प्राण्यांच्या निवाऱ्यात कुत्री फिरवली, पिंजरे धुतले, पिल्लांना बाटलीने दूध पाजलं, तर प्राणी. त्याच निवाऱ्यात नसबंदीच्या दिवशी डॉक्टरबाईंच्या शेजारी उभं राहून हत्यारांचे संच पुरवले, तर पशुवैद्यकीय. प्राणिसंग्रहालयात रखवालदाराबरोबर खाणं घातलं, तर प्राणी. तिथल्या डॉक्टरांबरोबर फेरी मारली, तर पशुवैद्यकीय. जखमी पक्ष्यांच्या केंद्रात जिथे परवानाधारक कार्यकर्ते आहेत पण पशुवैद्य आठवड्यातून एकदाच येतो, तिथे त्या एका दिवसाचे तास वेगळे आणि बाकी सहा दिवसांचे वेगळे.

म्हणजेच जागेवरून खातं ठरत नाही. एकाच दवाखान्यात आमची मुलगी सकाळी बोर्डिंगला ठेवलेल्या कुत्र्यांची देखभाल करायची आणि दुपारी डॉक्टरांना तपासणीत मदत करायची. पहिले सहा महिने तिने सगळे तास सरसकट पशुवैद्यकीय धरले होते. मी विचारलं, "सकाळी डॉक्टर असतात का?" तर म्हणाली, "ते दहाला येतात." मग सात ते दहा प्राणी आणि दहानंतरचे पशुवैद्यकीय, असे दोन भाग केले. पशुवैद्यकीय खात्यातला आकडा खाली आला आणि तिचं तोंड उतरलं. पण उद्या कुणी त्या डॉक्टरांना फोन करून विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं.

काही प्रकार मात्र धूसरच आहेत. दवाखान्याच्या स्वागतकक्षात फोन घेण्याचे तास? काही जण पशुवैद्यकीय धरतात. मी म्हणेन, दवाखाना कसा चालतो ते तिथे नीट कळतं, तेव्हा धरा, पण वर्णनात काम स्वागतकक्षाचं होतं हे स्वच्छ लिहा. मोठ्या जनावरांच्या डॉक्टरांबरोबर त्यांच्या ट्रकमधून एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर जातानाचा वेळ? तो मी धरते, कारण आधीच्या गाईबद्दल सगळ्यात जास्त बोलणं त्या ट्रकमध्येच होतं. घरून दवाखान्यापर्यंतचा प्रवास? नाही. जेवणाची सुट्टी? नाही. शेजारी सुट्टीवर गेले म्हणून त्यांचा कुत्रा तीन रात्री सांभाळला, तर बहात्तर तास लिहायचे नाहीत. कुत्राही झोपला होता, मुलगीही झोपली होती. फिरवणं, खाणं, औषध देणं यांना लागलेले दिवसाचे दोन-तीन तास, एवढेच.

आणि घरचा कुत्रा? तुमचा टफी कितीही लाडका असला तरी तो अनुभवाच्या खात्यात धरू नका. त्याची जागा असलीच तर निबंधात.

संशोधनाचं खातं त्यामानाने सरळ आहे. प्रयोगशाळेत प्राध्यापकाच्या हाताखाली केलेलं काम तिथे जातं, उंदरांवरचं असो वा नुसत्या पेशींवरचं. प्रयोगशाळेचा प्रमुख स्वतः पशुवैद्य असेल तर काम कोणत्या खात्यात अधिक शोभतं ते पाहून एकदाच काय ते ठरवा.

वही आखायची कशी

अ‍ॅपच्या भानगडीत पडू नका. साधी गूगल शीट पुरते, आणि तिच्या जोडीला खिशात मावणारी कागदी वही, कारण गोठ्यात फोन काढवत नाही. रकाने असे: तारीख, ठिकाण, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, सुट्टी वजा करून तास, खातं, देखरेख कुणाची आणि ती व्यक्ती पशुवैद्य आहे का, कोणती जनावरं, काय केलं, काय पाहिलं. पैसे मिळाले, कॉलेजचं क्रेडिट (श्रेयांक) मिळालं की फुकट काम केलं, हेही लिहा; अर्जात विचारतात.

आठवड्याचे तास रविवारी एकदम भरू, असं म्हणणारी मुलं रविवारी भरत नाहीत. गाडीत बसल्यावर, घरी निघायच्या आधी, तीन मिनिटं. आकडा नंतर पगारपत्रकातूनही काढता येतो, पण त्या दिवशी काय पाहिलं ते दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत निम्मं पुसलं जातं. शेवटचा रकाना म्हणून सोन्याचा. लेकीच्या वहीतल्या दोन नोंदी तिच्या परवानगीने देते:

१२ ऑक्टोबर. सकाळी ८:१० ते १:४०, सुट्टीची २० मिनिटं वजा. ५ तास १० मिनिटं. पशुवैद्यकीय. लॅब्रॅडोर, ७ वर्षं, पायमोजा गिळला. एक्स-रेत मोजा दिसत नाही, त्याच्या मागे तुंबलेल्या वायूने फुगलेलं आतडं दिसतं. ऑपरेशन पाहिलं. खर्चाचा आकडा ऐकून मालकाने दहा मिनिटं मागितली. डॉक्टर काही न बोलता खोलीबाहेर जाऊन थांबल्या.

१९ ऑक्टोबर. ४ तास. प्राणी. निवारा. कुत्री फिरवली, पिंजरे धुतले. विशेष काही नाही.

दुसरी नोंदही मला तितकीच आवडते. रोज काहीतरी विशेष घडलं असं लिहिणारी वही खोटी वाटते.

एक काळजी घ्या. वहीत मालकांची नावं, पत्ते, फोन नंबर येता कामा नयेत. "लॅब्रॅडोर, ७ वर्षं" एवढं पुरे. दवाखान्यातल्या पेशंटचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि परवानगी मिळाली तरी इन्स्टाग्रामवर टाकू नका. कुत्र्याचा आजार ही मालकाची खाजगी बाब असते. असल्या फोटोवरून एका ओळखीच्या मुलाला दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस असं सांगितलं गेलं.

महिन्याच्या शेवटी बेरीज करा, खातेनिहाय आणि प्राणीनिहाय. बेरीज दिसली की तोल दिसतो. आमच्याकडे दीड वर्षानंतर कळलं की कुत्री-मांजरी सोडून एकाही जनावराला हात लागलेला नाही. घोडे, गाई, शेळ्या, पक्षी, प्रयोगशाळेतले प्राणी, यांतलं काहीतरी असलेलं बरं, कारण हा व्यवसाय म्हणजे नुसती कुत्री-मांजरी नव्हेत हे मुलाला माहीत आहे का, ते कॉलेजला पाहायचं असतं. पण सहा ठिकाणी वीस-वीस तास असा भेळेचा पुडाही नको. एका ठिकाणी वर्षभर टिकून राहिलं तर तिथले डॉक्टर शिफारसपत्र लिहितात. व्हीएमकॅसला किमान तीन शिफारशी लागतात आणि बऱ्याच कॉलेजांना त्यांतली एक तरी पशुवैद्याची हवी असते. वीस तासांच्या ओळखीवर कोण काय लिहिणार?

गावाकडचे तास

मोठी जनावरं आम्हाला शेवटी मिळाली ती सांगली जिल्ह्यात, माझ्या भावाच्या गोठ्यात. अकरा होलस्टीन संकरित गाई, चार म्हशी आणि म्हाताऱ्या खिल्लारांची एक जोडी, जिला तो विकत नाही. लेक दोन उन्हाळे तिथे जाऊन राहिली. भारतातले तास चालतात का, असं मला बरेच जण विचारतात. चालतात. अर्जात देश लिहायला जागा असते. पण खाती करताना इथे जास्त डोकं लावावं लागतं.

मामाबरोबर पहाटे शेण काढणं, वैरण-पेंड घालणं, धार काढणं, गोचीड काढणं, गाभण गाईवर रात्री नजर ठेवणं, हे सगळं प्राणी खात्यात. मामाला तीस वर्षांचा अनुभव आहे आणि गाय वैरण टाकायच्या आधी तिचं दुखणं त्याला कळतं, पण तो पशुवैद्य नव्हे. खाजगी डॉक्टर मोटारसायकलवरून गावोगाव फिरतात, त्यांच्या मागे बसून लेक दहा-बारा दिवस हिंडली, ते पशुवैद्यकीय. खरी गंमत सरकारी दवाखान्यात. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या दोन श्रेणी आहेत. श्रेणी-१ च्या दवाखान्याचे प्रमुख पशुधन विकास अधिकारी, म्हणजे बीव्हीएस्सी झालेले डॉक्टर. श्रेणी-२ चं काम बहुतेक करून पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक बघतात. गावात दोघांनाही "डॉक्टर"च म्हणतात आणि दोघंही इंजेक्शन देताना दिसतात. पण श्रेणी-२ मधले तास पशुवैद्याच्या देखरेखीखालचे धरता येत नाहीत. ते प्राणी खात्यात लिहा आणि वर्णनात पर्यवेक्षकाचं पद इंग्रजीत नीट समजावून सांगा. शंका असेल तर सरळ विचारा, "साहेब, तुमची राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी आहे का?" खरे डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत, उलट नोंदणी क्रमांक सांगतात. तोही वहीत टिपून ठेवा.

या नोंदी कॉलेजच्या अमेरिकन प्रवेश समितीला वाचायच्या असतात, म्हणून त्यांना अनोळखी वाटेल ते त्याच दिवशी फोडून लिहिलेलं बरं. कासदाहाची, म्हणजे कासेला येणाऱ्या सुजेची, तपासणी लेक तिथे शिकली: चार खणांचं प्लास्टिकचं ताट, चार सडांचं थोडंथोडं दूध, त्यात औषध घालून ताट हलकं गोल फिरवायचं, एखाद्या सडात दोष असेल तर त्या खणातलं दूध जेलीसारखं घट्ट होतं. या तपासणीचं नाव आहे कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट. सांगलीतल्या गोठ्यात कॅलिफोर्नियाचं नाव ऐकून तिला हसू आवरेना. पुढे अर्जात ते एक वाक्य फार कामाला आलं, कारण वाचणाऱ्याला ते ओळखीचं होतं.

तीन गोष्टी गावी जाणाऱ्यांसाठी बजावून सांगते. पहिली, जायच्या आधी डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. दुसरी, गावाकडे मुलीचं कौतुक म्हणून डॉक्टर सुई हातात देतात आणि "मार, काही होत नाही" म्हणतात. विनापरवाना माणसाने करू नये ते काम परदेशात केलं असं अर्जात अभिमानाने लिहिणं अंगाशी येतं. समितीला त्यात धाडस दिसत नाही, बेफिकिरी दिसते. पाहा, धरा, स्वच्छ करा, विचारा, लिहा. तिसरी, परत येताना विमानतळावर कस्टम्सला सांगा की गोठ्यात, जनावरांत होतो. लाळ्या खुरकूत हा जनावरांचा साथीचा रोग आपल्याकडे आहे आणि अमेरिकेत १९२९ पासून नाही, त्यामुळे ते हे फार गांभीर्याने घेतात. बूट मामाकडेच ठेवून आलात तर सगळ्यात उत्तम. लेक ठेवून आली. आता ते बूट माझा भाचा घालतो.

हो, बेंदराला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावला त्याचे दीड तास धरायचे का, यावर आमच्याकडे बराच वाद झाला. नाही धरले.

साक्षीदार

प्रत्येक ठिकाणी पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी लिहून घ्या: संस्थेचं पूर्ण नाव आणि पत्ता, देखरेख करणाऱ्याचं नाव आणि पद, ईमेल, फोन. अर्जात हे सगळं लागतं आणि कॉलेज त्यांच्याशी संपर्कही करू शकतं. दवाखान्याचा ईमेल नको, माणसाचा हवा. दवाखाने विकले जातात, माणसं हलतात. आम्ही नंतर एक पद्धत बसवली: दर तीन महिन्यांनी तासांची बेरीज त्या डॉक्टरांना ईमेलने पाठवायची. "नमस्कार डॉक्टर, जुलै ते सप्टेंबर माझे ६४ तास झाले, काही चूक वाटली तर सांगा." ते "ओके" असं उत्तर देतात आणि तो "ओके" म्हणजे तारीख पडलेली पावती. गावाकडच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी आणि सही-शिक्का घेतला. तो फोटो काढून शीटला जोडला. तो कुणी मागितला नाही, पण असला की झोप लागते.

काम सोडताना भांडून सोडू नका. हे मुलांना सांगावं लागतं.

फॉर्म भरताना

इथे माझ्यातला हिशेबनीस जागा होतो. फॉर्ममध्ये आठवड्याचे सरासरी तास, आठवड्यांची संख्या आणि एकूण तास यांचा मेळ बसला पाहिजे. लेकीने एका ठिकाणी मार्च ते डिसेंबर काम केलं, साधारण सहा तास आठवड्याला. तिने कॅलेंडर बघून ४० आठवडे धरले आणि २४० तास लिहिले. वहीत पाहिलं तर परीक्षा, सुट्ट्या आणि गावची फेरी वजा जाता ती प्रत्यक्षात ३१ आठवडे गेली होती. १८६ तास. चोपन्न तासांचा फुगवटा, आणि तोही कुठलाही खोटेपणा मनात नसताना. आठवडे मोजायचे ते गेलेले, उलटलेले नव्हेत.

वर्णनाला ६०० अक्षरं मिळतात, मोकळ्या जागा धरून. इंग्रजीत ती जेमतेम शंभर शब्द. "मला प्राण्यांबद्दल फार प्रेम वाटतं" यात घालवायला जागा नसते. ते त्यांनी गृहीत धरलेलं असतं. कामं लिहा, क्रियापदांनी सुरुवात करा, कोणती जनावरं ते लिहा, आणि जागा उरली तर एक नेमकी गोष्ट. शेवटच्या रकान्यातून ती उचलता येते. एका ठिकाणी दोन खात्यांचं काम असेल तर दोन नोंदी करा, दोन्हींत तास वेगळे, आणि "उरलेले तास प्राणी खात्यात दिले आहेत" असं एक छोटं वाक्य टाका.

पुढे होणारे तास आज लिहू नका. अर्ज पाठवायच्या दिवसापर्यंत झालेले तेवढेच. एकदा पाठवला की जुन्या नोंदी बदलता येत नाहीत, म्हणून पाठवायच्या आदल्या रात्री घरातल्या दुसऱ्या कुणाकडून शीट आणि फॉर्म समोरासमोर ठेवून ताडून घ्या. आमच्याकडे हे काम बाबांनी केलं, आणि एका निवाऱ्याच्या नोंदीत चुकलेलं साल त्यांनाच सापडलं. मी तीन वेळा वाचूनही ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

अर्ज गेला तरी वही चालूच ठेवा. मुलाखतीला जाताना पुन्हा वाचायची ती हीच. लेकीला एका मुलाखतीत विचारलं, मालकाला उपचार परवडत नाहीत तेव्हा काय होतं ते तू पाहिलंयस का? तिला मोजा गिळलेला कुत्रा आठवला, आणि त्याहून जास्त, खोलीबाहेर जाऊन थांबलेल्या डॉक्टर. ती म्हणते की ते वाक्य तिने वहीत लिहिलं नसतं तर तिला फक्त ऑपरेशन आठवलं असतं.

उशिरा जाग आलेल्यांसाठी

वही नव्हतीच आणि अर्ज सहा महिन्यांवर आला आहे, असं असेल तर क्रम असा ठेवा. आधी पगारपत्रकं आणि बँकेची नोंद, कारण त्यांवर वाद होत नाही. मग निवारा किंवा संस्था स्वयंसेवकांची हजेरी ठेवत असेल तर तिची प्रत मागा. पुष्कळ ठिकाणी ती संगणकात असते आणि एका ईमेलवर मिळते. मग फोनमधले फोटो, नकाशाचा प्रवास-इतिहास, आईला पाठवलेले निरोप. अंदाज करावाच लागला तर खालच्या बाजूने करा, आणि शीटमध्ये अंदाजाच्या ओळींना वेगळा रंग द्या, म्हणजे पुढे स्वतःचीच फसगत होणार नाही.

पण हे सगळं करायला बसण्याआधी जुन्या डॉक्टरांना फोन लावा. ते निवृत्त व्हायच्या आत.